उजवीकडे राहून गेलेला रकाना

मलकपेठ, हैदराबाद
२९ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप उषामावशीस,

पुष्करचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि काकांचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा करतो. (काकांचा उतरला नसेल तर हे पत्र एवढ्यात त्यांच्या हाती देऊ नकोस.) मी मजेत आहे. म्हणजे अगदी खरोखरच मजेत. डब्याच्या भामाबाई आठवड्यातून चारदा अंबाडी खायला घालतात, ऑफिसात इराणी चहा मोजण्यापलीकडे गेला आहे, आणि तू पुण्याहून निघताना शिवून दिलेल्या दोन्ही पँटी आता मला होत नाहीत.

कॉम्प्युटरच्या कंपनीत नेमकं काय करतोस, असं तू दर पत्रात विचारतेस. तर ऐक, सध्या मी खिडक्यांना पट्ट्या लावतो. सुतारकाम नव्हे गं! पडद्यावर जी चौकट दिसते तिला इथे खिडकी म्हणतात. मजकूर चौकटीत मावेनासा झाला की कडेला पट्टी लावायची. तिच्यावरचा ठोकळा ओढला की मजकूर सरकतो. उभी पट्टी असेल तर वर-खाली, आडवी असेल तर डावी-उजवीकडे. एवढ्यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस का, असं म्हणू नकोस. कुकटपल्लीच्या आमच्या ऑफिसात यावर जेवणं थंड होईपर्यंत भांडणं होतात. पट्टी नेहमी दाखवायची की गरज पडली तरच, ठोकळा ओढतानाच मजकूर हलावा की सोडल्यावर. (मी 'ओढताना' या पक्षाचा. साहेब 'सोडल्यावर' या पक्षाचे. त्यामुळे सोडल्यावर.)

या साहेबांनीच इथल्या मराठी वधू-वर मंडळाला फुकटात प्रोग्राम देऊ केला आणि तो माझ्या गळ्यात मारला. हो, तेच मंडळ, जिथे मार्चमध्ये तू माझा फॉर्म स्वहस्ते भरून पाठवलास, अपेक्षांच्या चौदा कलमांसकट. तिथले चिटणीस एकनाथराव. तीन पिढ्या हैदराबादेत गेल्यामुळे त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' सुखाने नांदतात. तीस वर्षं त्यांनी जाड वहीत स्थळं नोंदवली. पान उलटायला बोट जिभेला लावायची सवय जाते कुठली? ते बोट थेट पडद्यावर, आणि मी फडकं घेऊन मागे उभा. त्यात उभ्या पट्टीचा खालचा बाण दाबला की नावं वर जातात, यावरून ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. खाली म्हटलं की वर जाणारा जावईसुद्धा मी कधी कोणाला सुचवला नाही, असं मग मला ऐकवलं.

खरी गोची केली आडव्या पट्टीने. पडदा चौदा इंची. रकाने सात: नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, गाव आणि सर्वांत शेवटी अपेक्षा. त्यांतले सहा मावतात, सातवा उजवीकडे बाहेर राहतो. पट्टी सरकवली की अपेक्षा दिसते, पण तोवर नाव डावीकडे नाहीसं झालेलं असतं. पहिल्याच दिवशी एकनाथरावांनी 'सडपातळ, गाणारी, वय बाविसाच्या आत' ही अट सत्तावन्न वर्षांच्या एका विधुर प्राध्यापकांच्या नावावर वाचून दाखवली, ती नेमकी त्यांच्या सख्ख्या मेहुण्यासमोर. (ती वरच्या ओळीची होती.) त्यानंतर हुकूम सुटला, "ही आडवी बला नक्को! काढा!" साहेबांनाही एका खिडकीला दोन पट्ट्या नकोच होत्या. एवढं एकमत मी पुन्हा कुठे पाहणार? काढून टाकली. मला वाटलं, अपेक्षा ते वहीतून घेतील. त्यांना वाटलं, कॉम्प्युटरला अपेक्षा लागत नसतील.

पुढचे पाच महिने एकनाथराव पडद्यावर दिसेल तेवढंच आंतर्देशीय पत्रांवर उतरवून स्थळं कळवत राहिले. आणि काय सांगू मावशी, वर्षाला जेमतेम दोन लग्नं जमवणाऱ्या मंडळात अकरा जमली! प्रत्येक घराला वाटायचं, समोरच्यांना काही अपेक्षाच नाहीत, केवढी साधी माणसं! मग बघून तरी येऊ म्हणून जायचे. आपल्या अटीत हे बसत नाही हे ध्यानात येईपर्यंत पोहे खाऊन व्हायचे आणि मुलंमुली गच्चीवर गप्पा मारत असायची. जावई डॉक्टरच हवा म्हणणाऱ्या मालनबाईंना दिलसुखनगरच्या क्लासमधले गणिताचे मास्तर मिळाले. आता त्या जावयाचं कौतुक ऐकवल्याशिवाय कोणाला उठू देत नाहीत.

असंच एक पत्र मलाही आलं. मलकपेठेतल्याच प्रतापरावांची मुलगी, त्रिवेणी. मूळचं शेतकरी घर नांदेडकडचं, आता इथे बियाण्यांचं दुकान. ती बँकेत आहे. मी अर्ध्या तासासाठी म्हणून गेलो आणि अडीच तास बसलो. मी चुकलो की तोंडावर सांगते, आणि सांगून झाल्यावर हसते. मला ती फार आवडली आहे, मावशी. आडून आडून लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. चार रविवार आम्ही भेटतो आहोत आणि तिच्या घरी ते ठाऊक आहे.

मात्र गेल्या रविवारी मंडळाच्या बैठकीत एका वरपित्याने विचारलं, की माझ्या अटी गेल्या कुठे? झालं, बिंग फुटलं. एकनाथराव माझ्याकडे बघत राहिले, मी छताकडे. ठराव असा झाला, की दसऱ्यापर्यंत आडवी पट्टी परत लावावी आणि बोलणी चालू असलेल्या सगळ्या घरांना एकमेकांच्या अपेक्षा लेखी कळवाव्यात. म्हणजे तुझी चौदा कलमं प्रतापरावांकडे जाणार. कलम चौथं, 'मुलगी पुण्यातलीच, शक्यतो आपल्यातलीच.' कलम नववं, 'माहेरी दुकानदारी नसावी.' मावशी, ते पत्र प्रतापराव दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचतील गं.

बाकी इकडे सर्व ठीक. काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, आळस करू नकोस.

तुझा,
पुष्कर

ता. क. एकनाथरावांचा नियम आहे, की ज्याने अपेक्षा लिहिल्या त्यानेच स्वतःच्या हाताने रद्द करायच्या. पत्ता घातलेलं कार्ड सोबत ठेवलं आहे. 'पुष्करच्या बाबतीत आमच्या काही अपेक्षा नाहीत' एवढं लिहून पेटीत टाक. आई-बाबा तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

आणखी ता. क. पट्टी सोमवारीच तयार झाली. नाव डावीकडे जागच्या जागी ठेवायचं आणि बाकीचे रकाने सरकवायचे, दोन तासांचं काम. मंडळाला मी सांगितलं आहे की फार अवघड आहे, अमेरिकेहून पुस्तक मागवावं लागेल. दसऱ्यापलीकडे मात्र हे पुस्तक पुरणार नाही.

शेवटचा ता. क. प्रोग्राम माझाच, तेव्हा त्रिवेणीचा सातवा रकाना मी चोरून पाहिलाच. तिने स्वतः लिहिलेली एकच ओळ होती: 'मुलगा पुण्याचा नसावा.' मी तिला काही बोललो नाही. काल एकनाथरावांनी मला एक कार्ड दाखवलं. 'अपेक्षा रद्द', खाली तिची सही. आता फक्त तुझं यायचं आहे.