सॉनाच्या फळीवरचा लेप

३ मे
बुरशीशी संबंध संपले. लाकूड धरून ठेवणारा जो डिंक, लिग्निन, तो खाणं एवढंच तिचं काम. जंगलात पडलेल्या ओंडक्यांवर ताव मारते, प्रयोगशाळेत माझ्या बाटलीत आली की उपास धरते. प्रोफेसर लेम्पिआला म्हणाल्या, पासी, बुरशीला दोष देऊ नकोस. मी कुठे देतोय? तिची नियत खराब आहे एवढंच म्हणतोय.
आता लिग्निनचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. पेपर मिलवाले जे जाळून टाकतात त्याचं मी सोनं करणार. शिवाय रोज सकाळी धावणार.

४ मे
गुडघा दुखतोय.

११ मे
जमलं! लिग्निन ॲसिटोनमध्ये विरघळवून पाण्यात ओतलं, बारीक गोल कण आपोआप तयार. लाकडाला फासून वाळवलं की पाणी शिरत नाही. ओव्हनमध्ये कोरडं तापवलं, पास. गार पाण्यात बुडवलं, पास. सिल्याला सांगितलं. बायको म्हणाली, छान, आता कचरा टाकून ये.

१९ मे
प्रोफेसरबाई म्हणाल्या, पेपर मिलने चाचणीला होकार दिला तर तुझी नोकरी राहील, नाहीतर ऑगस्टअखेर संपेल. मिलचे साहेब रुओकोनेन. त्यांना फोनवर सगळं समजावलं. ते म्हणाले, हं. आपल्या फिनलंडात याहून जास्त कोण बोलतं? गडी खूश आहे.

२ जून
काय डोकं चालतं माझं! रुओकोनेनना सासऱ्यांच्या तळ्याकाठच्या घरी भर उन्हाळ्यातल्या सणाला बोलावलंय, काठावर होळी पेटवतात त्या. मीटिंगमध्ये आपल्याकडे कुणी काही ठरवत नाही, ठरतं ते सॉनात, म्हणजे घरच्या लाकडी वाफेच्या खोलीत, वरच्या फळीवर, उघड्या अंगानं. आणि साहेब बसणार कशावर? माझ्या लेपावर!
सासऱ्यांना फळ्यांबद्दल विचारलं नाही. विचारलं की मजा जाते.

१८ जून
सॉनाच्या फळ्यांना लेपाचे तीन हात दिले. कॉफीसारख्या चकाकतायत. सिल्यानं विचारलं, उष्णता आणि वाफ एकत्र तपासलीस का? म्हटलं, अगं, दोन्ही वेगवेगळे पास आहेत, बेरीज तर करायची. सासरे ताइस्तो म्हणाले, जावईबापू, फळ्या काळ्या कशानं? म्हटलं, उजेडाचा दोष.

२० जून, दुपार
साहेब आले. प्रत्येकानं बुडाखाली घ्यायला आपापला पंचा आणलाय, रीतच आहे. मी म्हटलं, पंचा नको, थेट बसा, तीच तर गंमत! सासरे गुरगुरले, बारशापासून पंच्यावर बसतोय मी. पण पाहुण्यानं बाजूला ठेवला म्हणून त्यांनीही ठेवला.

२० जून, संध्याकाळ
उभ्यानंच लिहितोय.
तिघं बसलो. सासऱ्यांनी भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पळीपळीनं पाणी टाकलं, वाफ अशी की कान भाजावेत. कुणी बोलेना. म्हटलं, पसंत पडलं. मग साहेब उठायला गेले आणि उठलेच नाहीत. सासरेही नाहीत. मीही नाही.
ओल्या वाफेत लेपाचा चिक्कीचा पाक झाला होता. दार उघडून गार करावं तर पाक आळतो, आणखी वाफ सोडावी तर साहेब शिजतात. बाहेरून सिल्या विचारतेय, काय झालं? सासरे ओरडले, कपाळ माझं! जावयानं चिकटवलंय आम्हाला! तिनं दाराच्या फटीतून उलथनं दिलं. पुढचं लिहीत नाही.
तळ्यात उड्या मारल्या. पाठीमागच्या तपकिरी पट्ट्या काही जाईनात. म्हणजे पाण्याला टिकतो हे सिद्ध झालं! साहेबांना तसं म्हणालोही. ते सणाच्या होळीपाशी उभ्यानं सॉसेज खात राहिले. काही बोलले नाहीत. चांगली खूण आहे.

२१ जून
साहेब सकाळची कॉफी न घेता गेले. कॉफी न घेता! याची चांगली बाजू अजून सापडली नाही.

१५ जुलै
उत्तर नाही. जुलैत सगळा देश सुट्टीवर असतो. त्यात काय एवढं.

८ ऑगस्ट
साहेबांचं उत्तर: नाही. खाली सासऱ्यांना सॉसेजबद्दल आभार. प्रोफेसरबाई म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही रे, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.
सासऱ्यांनी फळ्या उखडून सरपणाच्या खोपटामागे फेकल्या. सिल्या म्हणाली, त्या आईनं निवडल्या होत्या, गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मी विचारलं तरी कुठे होतं? फार वाईट वाटतंय.

३१ ऑगस्ट
प्रयोगशाळेची किल्ली परत केली. बुरशीची बाटली घरी आणली. बिचारी जाणार कुठे?

२८ सप्टेंबर
नव्या फळ्या करायला सासऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, आधी खोपटामागे बघून या.
बघितलं. जुन्या फळ्यांवर पांढऱ्या बुरशीचं जाळं. माझा लेप जागोजागी चाटूनपुसून साफ, खालचं लाकूड पांढरंफटक. माझ्या बाटलीत जे कधी झालं नाही ते इथं चिखलात, फुकटात झालं होतं. सासरे म्हणाले, जावईबापू, हिला कुणी नोकरीवर ठेवलं नव्हतं, तरी करतेय बघा काम.
बाटली तिथंच रिकामी केली. म्हटलं, जा बाई आपल्या माणसांत. मग तिथंच उभा राहून थोडा रडलो.
परत आलो तर सासऱ्यांनी हातात रंधा दिला. मी तो उलटा धरला. त्यांनी काही न बोलता सरळ करून दिला. त्या न बोलण्याचा अर्थ या वेळी मी लावला नाही.