लाल टॅगच्या मागची बाजू

बाबा,

तुमचं इंजिन परवा रविवारी चालवलं. टॅग न काढता चालवलं. तेव्हा आधी शिव्या घाला, मग पुढचं वाचा.

आईला मरोद्याच्या घरातून रिसालीला माझ्याकडे आणलं, तेव्हा पलंगाखालच्या पेटीत ते निघालं. तुमच्या मॉडेल विमानाचं मुठीएवढं इंजिन, टाकीसकट लाकडी फळीवर बसवलेलं, आणि त्याला सुतळीनं बांधलेला लाल टॅग. दादा म्हणाला, "चालत नसन तं कबाड्याले देऊन टाक. कायले जागा अडवून राह्यलं?" अकरा वर्षं आम्ही कोणीच इंजिनाला हात लावला नव्हता. तुमच्या स्टील प्लांटमध्ये मशीन बंद करून ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, ही रीत तुम्ही घरी आणली. जुन्या लग्नपत्रिका कापून, एक बाजू लाल रंगवून तुम्ही टॅग करायचात. कूलरला टॅग, मिक्सरला टॅग. एकदा आईनं टॅग काढून चटणी वाटली, तर दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत! मग तुम्हीच गेल्यावर तुमचा टॅग काढणार कोण? कोणी काढलाच नाही. असली बावळट माणसं आपल्या भिलाईतच सापडायची. दादाला म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

तुमचे रविवार मला अजून दिसतात. जामुलच्या रस्त्याकडचं मोकळं मैदान, इंधनातल्या एरंडेलाच्या धुराचा वास, तुम्ही गुडघे टेकून बसलेले. इंजिन हळू चालतंय तोवर झकास, पण थ्रॉटल उघडला की अंग टाकतंय. मी घाईनं इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवायला हात घालते आणि तुम्ही चारचौघांत ओरडता, "कावून वं, कान घरी ठेवून आली का? आधी आयक, मंग हात लाव!" त्या दिवशी मी रागानं रडले होते. आज आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मी पोरांना हेच वाक्य ऐकवते, तुमच्याच आवाजात, आणि खरं सांगू, तेव्हा माझी छाती फुगते.

शेवटचे चार रविवार तुम्ही त्याच दुखण्यामागे होता. सुई जरा इकडे, जरा तिकडे. एकदा नीट चालायचं, लगेच पुढच्या वेळी ठप्प. चौथ्या रविवारी घरी येऊन तुम्ही टॅग बांधला, "पुढल्या रविवारी पाहू" म्हणालात. बुधवारी तुम्ही गेलात.

एरंडेल सुकून इंजिन पार जाम झालं होतं. गरम करून, तेलाचे थेंब सोडून ते मोकळं केलं, नवा प्लग घातला. टॅग पंख्यात येऊ नये म्हणून मागे वळवून आवळला आणि गच्चीवर दादासमोर चालू केलं. आवाज ऐकून आई वर आली आणि दारातच बसली. "आता रविवार वाटून राह्यला बाप्पा," एवढंच म्हणाली.

सुईला मी हात लावला नाही. ऐकलं. टाकी भरलेली होती तोवर थ्रॉटल उघडताच इंजिन खटकन उचलायचं. टाकी अर्धी झाली आणि त्याच थ्रॉटलला त्यानं अंग टाकलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. बाहेरच्या नळीत बुडबुडे दिसले. म्हणजे दोष सुईचा नव्हताच. टाकीच्या आतल्या नळीला मध्येच कुठंतरी भोक होतं, आणि इंधन त्याच्याखाली उतरलं की ती हवा ओढत होती. टाकी उघडली. नळीवर बारीक आडवी चीर होती, ब्लेडची. त्या चार रविवारांच्या आधी ती नळी तुम्ही माझ्याकडूनच बदलून घेतली होती.

नवी नळी घातली. टाकी अर्धी झाली, पाव झाली, तरी बोट हललं की इंजिनाचं उत्तर तयार. दादानं चक्क टाळ्या वाजवल्या. "कबाडी गेला उडत!" म्हणाला.

मग टॅगवर उडालेलं तेल पुसताना तो उलटा झाला. मागची बाजू आजवर कोणी पाहिलीच नव्हती. घरात टॅग लावणारा एकच माणूस, मागं कशाला बघायचं? तिथं कुणाच्या तरी लग्नाचं "अगत्य येणेचे करावे" होतं, आणि त्याखाली तुमचं अक्षर. "कारण: टाकीतल्या नळीले ब्लेड लागलं. काढणार: छोटी."

म्हणजे तुम्हाला सापडलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं, तरी ते तुम्ही माझ्या कानांसाठी ठेवलं. घरभर टॅग लावत फिरलात, पण दुसऱ्याच्या हातानं काढायचा असा टॅग तुम्ही एकच लिहिला, आणि तो माझ्या नावानं. लई मोठ्या मनाचे होता, बाबा. आणि मी शोधलं! कोणाला न विचारता, सुई न फिरवता शोधलं.

मग मी टॅग सोडला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुमच्या पेटीतच राहील. एक मात्र कबूल करते. नळी बदलताना माझ्या हातून ब्लेड घसरलं ते मला तेव्हाच दिसलं होतं. एवढ्याशा ओरखड्यानं काय होतं, असं मनाला सांगितलं आणि चार रविवार तुमच्या शेजारी गप्प बसले. तुमच्या ओरडण्याला भ्यायले होते.