माटवीतली वाळवी

४ मे
माटवी माळ्यावरून उतरवली. गणपतीच्या डोक्यावर टांगून फळं-पानं बांधायची आंब्याच्या लाकडाची चौकट. सासऱ्यांनी मालवणहून आणलेली, ते गेले तरी ही आहे. गुंडाळलेल्या प्लास्टिकात वाटीभर खसखस! गावचं सामान माळ्यावरच असतं, सांडली असेल. सासूबाईंनी चाळून डब्यात भरली. वाया घालवतील तर शपथ.

७ मे
तळमजल्यावर शहाकाकांच्या दाराला वाळवी. भिंतीवर मातीच्या रेघा. बघून आले नि आमची माटवी उलटी केली. बारीक भोकं. टिचकी मारली तर भुरभुर... म्हणजे ती खसखस वाळवीची घाण! लाडू वळायच्या आधी कळलं, देवा. सासूबाईंनी डबा कचऱ्यात उपडा केला.

८ मे
शहाकाका सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे लगेच निकाल. "तुमच्याकडूनच खाली आली. ती लाकडं आजच जाळा." सासूबाई जिन्यातच उभ्या राहिल्या. "मी जिती आसय तवसर माटवी जळूची नाय." आता मीही मागे हटणार नाही.

१० मे
काल काकांकडची रेघ काडीने मोडली. ओली माती, आत पांढरे किडे. आज रेघ पुन्हा बांधलेली! त्यांची जमिनीतून चढते, तिला ओल लागते. आमच्यात मातीचा कण नाही. ही कोरड्या लाकडातच राहते, तेच खाते, दाणे भोकातून बाहेर ढकलते. जातच वेगळी. पेस्ट कंट्रोलवालाही फोनवर हेच म्हणाला. जमिनीत औषध भरून माझ्या लाकडाला उपयोग शून्य.

११ मे
काकांना तोंडावर सांगितलं, "माटवी जाळलीत तरी तुमची वाळवी तिथेच राहणार."
"अरे बेन, वाळवी ती वाळवी ना!"
डोकं फोडलं त्यांच्यापुढे. शेवटी कबूल झाले. खाली जमिनीत औषध. पण माटवी बरी झाली नाही, तर गणपतीआधी बिल्डिंगबाहेर. चालेल म्हटलं.

१५ मे
भोकांत सिरिंजने औषध. मग काळ्या प्लास्टिकात गच्च बांधून गच्चीवर. लाकूड आतपर्यंत तापलं तरच किडे मरतात, नाहीतर सगळं फुकट. हात भाजला.

२४ मे
माटवी हॉलमध्ये टांगलीय, खाली काळा कागद. आज सकाळी त्यावर दाणे. आत अडकलेले जुने, की नवे? कळायला मार्ग नाही. सासूबाई खाली बसून विचारतात, "कवंडळ खयच्या कोपऱ्यात बांधूया गो?" माटवीला बांधायचं ते लाल रानफळ. दाणे नवे असू शकतात, हे सांगितलं नाही. "उजव्या," म्हटलं.
काळं प्लास्टिक परत काढलंय. उद्या पुन्हा गच्ची. ऊन आणखी किती दिवस मिळेल, कोण जाणे.