मुठीचं माप

कोलकाता, ६ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी मराठीत ओरडायला लागलो की घरमालकिणीला वाटतं मी भांडतोय. म्हणून पत्र.

हावड्याच्या कारखान्यात आम्ही नवं ड्रिल मशीन करतोय, एकट्या राहणाऱ्या वयस्कांसाठी, हलकं. मुठीसाठी ऑफिसातल्या वीस जणांच्या हातांची मापं घेतली, तर सगळे तिशीच्या आतले. तुझा उजवा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून पाठव. बाबा गेल्यापासून घरातले खिळे तूच ठोकतेस ना?

लोभ आहेच, तो कळवत जा.
उन्मेष

मिरज, १५ जानेवारी

चि. उन्मेष यास अनेक आशीर्वाद.

पंजा सोबत पाठवलाय. चष्म्याचा नंबर बदलायचाय, म्हणून शेजारच्या लीनाकडून पत्र लिहून घेतेय, मजकूर माझाच. तिळाच्या वड्या पाठवल्यात, पण तिथं गोड बोलायला कोणी आहे का, ते कळव. माझी तब्येत उत्तम. उगाच रजा टाकून येऊ नकोस.

तुझी आई

कोलकाता, २० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गोड बोलायला कोणी नाही. वड्या एकट्यानंच संपवल्या.

तुझ्या पंजावर बेतलेली मूठ साहेबांना पसंत पडली. नमुना पाठवतोय, खटका दाबून बघ. होळीनंतर पोलादी साचा होईल, मग बदल करता येणार नाही.

परवा घरी येताना हुगळी ओलांडणाऱ्या लाँचमध्ये नमुना धरून बसलो होतो. तुझा हात धरल्यासारखं वाटलं, आणि मग फारच एकटं वाटलं.

माया असू दे.
उन्मेष

मिरज, ३ मार्च

चि. उन्मेष यास अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, पण आज लीनाला बोलावलं नाही. लाँचमध्ये तू धरलास तो हात माझा नव्हे रे. मी लीनाचा पंजा गिरवून पाठवला. वर्षभर माझी बोटं वळत नाहीत. तुझा खटका मला दाबताच आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर मूठच मिटत नाही. तुला कळलं तर काम सोडून धावत येशील, ही भीती.

पण ते मशीन माझ्यासारख्याच बायकांच्या हाती जाणार. साचा थांबव.

रागावू नकोस.
आई

कोलकाता, ११ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

साचा थांबवला. आता खटका रुंद करतोय, तळव्यानं दाबता येईल असा. शनिवारी मिरजेला निघतोय. माप मीच घेतो.

साहेबांनी विचारलं, सख्ख्या आईचा हात ओळखता आला नाही? मी म्हटलं, दोन वर्षं पाहिलेलाच नाही.

तुझा,
उन्मेष