तारकर्लीला आई येणार

भोकरदन
९ नोव्हेंबर २०२५

चि. राजानंद,
सप्रेम जयभीम. इथं सगळं ठीक. आईचा गुडघा आता बराय. थंडी पडायला लागलीय.

फोनच केला असता, पण आई शेजारीच बसलेली असते, आणि तू दुसऱ्या वाक्याला "मीटिंग आहे, ताई" म्हणतोस. म्हणून पत्र.

परवा तू फोनवर आईला म्हणालास, नाताळात ऑफिसची मंडळी तारकर्लीला चाललीत, तूही चल. आई हरखली. मी आत दातओठ खात उभी होते.

मे महिन्यातही ऑफिसच्या मंडळींबरोबर तिला दिवेआगरला नेलंस. परत आली तेव्हा शेजारच्या चतुराबाईंनी विचारलं, "कसा व्हता समिंदर?" आई म्हणाली, "लई मोठा. खिडकीतून समदा दिसायचा."

खिडकीतून! तुम्ही सगळे वाळूवर घोडागाडीत फिरलात, बोटीत बसलात, आणि ती रिसॉर्टच्या खोलीत तुझं तान्हं बाळ सांभाळत बसली. तेव्हा मी सोडून दिलं. म्हटलं, लेकरू लहान आहे, असेल.

पण दिवाळीत तुझी पायल अंगणात खेळता खेळता आईला म्हणाली, "बाई, पाणी आण." मी रागावले. तर पोर म्हणते, "पप्पांनीच सांगितलंय. समुद्रावर साहेब असले की आजीला बाई म्हणायचं."

राजानंद, मी आईकडं पाहिलं, तर ती पाणी आणायला उठली होती.

मागून खोदून विचारलं तर म्हणे, "जाऊ दे न गं. माझं लुगडं असं, बोलणं असं. मीच म्हणलं त्याला, बाई म्हण." बिलकुल खोटं. तुला झाकून राह्यली ती. तुझ्या फीसाठी जालन्याला बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायची, तेव्हा तिथले लोक तिला बाई म्हणायचे. त्यांचं चालतं. तुझं न्हाई चालत.

मी म्हटलं, जायचं न्हाई. तर जेवली न्हाई. "नातवंडं पाहायचीत मला," म्हणून रडत बसली.

मंग आई येणार. आणि मीही येणार, शाळेत रजा टाकलीय. तुझे साहेब वाळूवर खुर्च्या टाकून बसलेले असतील, तेव्हाच त्यांच्यासमोरून तिचा हात धरून तिला पाण्यात नेणार. कुणी विचारलं तर मोठ्यानं सांगणार, ही झुंबरबाई, राजानंदची आई. तेव्हा मान खाली घालायची की उठून तिचा दुसरा हात धरायचा, ते तू ठरव.

तुझी सख्खी बहीण,
संध्या