आईंच्या खोलीतला डोळे मिचकावणारा दिवा

वन्संना सप्रेम नमस्कार.

तुम्ही, भावोजी आणि तुमची कंबर, तिघंही खुशाल असाल. इकडची बातमी पोटात मावत नाही म्हणून हे पत्र (फोनवर तुम्ही मध्येच बोलता).

आपल्या आईंच्या खोलीतला दिवा डोळे मिचकावतो, ही त्यांची तक्रार तुमच्याही कानावर होतीच. "अगं, बघ बघ" अशी हाक आली की मी न्हाणीघरातलं कपड्यांचं मशीन बंद करून धावायची, तर दिवा शहाण्यासारखा जळतोय. तुमच्या बंधुराजांनी बल्ब बदलला, मग आईंचा चष्मा बदलला, मग त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि शेवटी "वय झालं" म्हणून विषय मिटवला. आईंनी दिवा लावणंच सोडलं. त्या खोलीत (भरदुपारीही तिथे काळोखच) नुसत्या बसून राहायच्या. ते मात्र मला बघवेना.

परवा मी मशीन लावायला निघाले तर त्यांनी अडवलं. "आज मी हाक मारली तरी यायचं नाही. तू आलीस की तो सरळ होतो." दिवा लावून रजेवरच्या बंधुराजांना त्यांनी शेजारी बसवलं (जांभया देत बसले). मशीन गरगरू लागलं मात्र, आतून हाक आली, तीही बंधुराजांची. "अगं, खरंच मिचकावतोय की." मशीन बंद, मिचकावणं बंद. मशीन चालू, मिचकावणं चालू. आम्हा दोघांना इतका चेव आला की शेवटी आईच म्हणाल्या, "पुरे. मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा."

वायरमनने बोळातली पेटी उघडली. घर जुनं, त्यामुळे मशीन आणि आईंची खोली एकाच तारेवर, आणि तारेचा सांधा ढिला होऊन कोळशासारखा काळा पडलेला. "वेळेवर बोलावलंत, नाहीतर पेट घेतला असता," तो म्हणाला. बंधुराजांनी वाकून पेटीत पाहिलं. आई त्यांना एवढंच म्हणाल्या, "उरलेले थेंब आता तू तुझ्या डोळ्यांत घाल."

मशीनला वेगळी तार ओढली. आई आता दिवसाढवळ्या दिवा लावून ऐटीत बसतात.

तुमची वहिनी

ता. क. आईंनी टेस्टर मागवून घेतलाय. घरातली बटणं तपासून संपली, शेजाऱ्यांचीही संपली. शेजारी आता आम्हाला बघून दार लावून घेतात.

आणखी एक ता. क. रविवारी त्या तुमच्याकडे येताहेत, बॅग भरून तयार आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा त्यांना मागेच संशयास्पद वाटला होता. कृपा करून तो आधी दुरुस्त करून ठेवू नका. बिघडलेला नसेलच, तर कुठेतरी एखादा बल्ब सैल करून ठेवा. सापडायला चांगले पंधरा दिवस लागतील, असा.