पासच काढ

हिमानी,

पूजेपर्यंत माझं मौन, आणि तोवर तू ऑफिसला निघतेस, म्हणून लिहून ठेवतेय. युरोपसाठी प्रत्येक गाडीचं वेगळं तिकीट काढू नकोस, स्वस्त पडलं तरी. रेल्वेचा पासच काढ.

परवा शिकागोहून घरी येताना बाबा आपल्या नेपरव्हिलच्या आधीच भलत्याच स्टेशनवर उतरले. "नेपरव्हिल आलं," म्हणाले. दार लागता लागता मी कशीबशी त्यांच्या मागे उतरले. तिकडे असं झालं तर पुढची मिळेल ती गाडी पकडता यायला हवी.

नको जायला म्हणवत नाही गं, किती हौसेने नकाशे बघतात.

त्यांना यातलं काही बोलू नकोस. आणि प्रवासात मी मौन धरणार नाही. त्यांना हाक मारावी लागली तर?

आई